गाडी पाहण्याआधी तिची फाईल पाहा

२०२१ च्या डिसेंबरात आम्ही सात सीटची एक जुनी डिझेल गाडी घेतली. हौस नव्हती. अब्बांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा, ते चिपळूणला, आणि आम्ही खेड तालुक्यातल्या गावात. रिक्षा, वडाप, एसटी असे सगळे करून झाले होते. सुई काढल्यावर अब्बांना चक्कर येते, त्या अवस्थेत त्यांना स्टँडवर बसवून ठेवणे आम्हाला जमत नव्हते. अम्मीच्या दोन बांगड्या, भाईजानने पाठवलेले पैसे आणि थोरलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतला अर्धा भाग, एवढे जमवून व्यवहार झाला. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे घरात आधीच ठरले होते, म्हणून नव्या गाडीचा विचारच नव्हता.

विकणारे गृहस्थ सोयऱ्यांच्या ओळखीतले. मीटरवर ८६,००० किलोमीटर. "सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलंय, इंजिनला हात लावायचं काम नाही," असे ते म्हणाले. आम्ही सर्व्हिस बुक मागितले, तर ते "घरी कुठेतरी असेल, पाठवतो" म्हणाले. चहा झाला, बिस्किटे झाली, सोयऱ्यांसमोर दुसऱ्यांदा मागायला संकोच वाटला. पुस्तक कधीच आले नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात भोस्ते घाटाच्या चढावर इंजिन एकदम बंद पडले. ना धूर, ना मोठा आवाज. एक खट्ट झाले आणि गाडी नुसती ओझे होऊन उभी राहिली. मागे ट्रक, बाहेर पाऊस, आत अब्बा आणि त्यांची दहाची वेळ. एका टेम्पोवाल्याने अब्बांना चिपळूणपर्यंत नेले. त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. गाडी दोरीने ओढून आणली. टायमिंग बेल्ट तुटला होता. हा पट्टा इंजिनातले खालचे पिस्टन आणि वरचे व्हॉल्व्ह यांची चाल एकमेकांशी जुळवून ठेवतो. तो तुटला की व्हॉल्व्ह जिथल्या तिथे थांबतात आणि पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आदळतात. हेड उघडावे लागले, व्हॉल्व्ह वाकले होते. बिल ७८,००० रुपये.

त्या गाडीच्या पुस्तिकेत हा पट्टा एक लाख किलोमीटरला बदलावा असे लिहिले होते. आमच्या मीटरवर ९२,४०० होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. हेड उतरवताना उस्तादना एअर फिल्टरच्या डब्यामागे एक तेलकट स्टिकर सापडला. कुठल्याशा गॅरेजने ऑइल बदलल्यावर चिकटवलेला. त्यांनी फडक्याने पुसून आम्हाला वाचायला दिला. तारीख जून २०१९ ची, किलोमीटर १,१४,२००. म्हणजे आम्ही गाडी घेण्याच्या अडीच वर्षे आधीच ती तिथवर पोहोचली होती. मीटर मागे फिरवणाऱ्याने सगळे साफ केले होते, एवढा एक कागद तेवढा त्याच्या नजरेतून सुटला.

विकणाऱ्या गृहस्थांना विचारले. "मीही अशीच घेतली होती," असे उत्तर मिळाले. खरे असेलही. सोयऱ्यांमध्ये वाद वाढवायचा नाही म्हणून अब्बांनीच आम्हाला थांबवले.

त्यानंतर भाईजान कुवेतहून कायमचे परतले. त्यांच्यासाठी गाडी पाहायची वेळ आली, तेव्हा आम्ही त्याच उस्तादना सोबत घेतले. चार रविवार त्यांच्याबरोबर गाड्या पाहत फिरलो. त्या फिरण्यात जे समजले ते इथे लिहीत आहोत, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत पहिली गाडी जुनीच येते आणि ती अशाच चहाच्या कपावर ठरते.

उस्तादांची पहिली गोष्ट अशी की, ते बोनेट उघडतच नाहीत. आधी कागद मागतात. कागद पाहून झाल्यावर त्यांना बोनेटमध्ये काय पाहायचे आहे हे ठरलेले असते.

आपल्याकडच्या बहुतेक डिझेल गाड्यांना इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलण्याची मुदत साधारण दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतले जे आधी होईल ते, अशी असते. काही कंपन्यांच्या गाड्यांना ती पंधरा हजार आहे. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच धरायचा. या वाक्यातले "जे आधी होईल ते" हे शब्द आपण सगळे गाळून वाचतो. त्याकडे पुढे येऊ.

डिझेल इंजिनात ऑइलला पेट्रोलपेक्षा जास्त घाण सोसावी लागते. डिझेल जळताना काजळी होते आणि तिच्यातली काही ऑइलमध्ये उतरते. म्हणून डिझेल गाडीचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे दिसू लागते. डिपस्टिक काढून "ऑइल काळं आहे" म्हणत भाव पाडणारे लोक आम्ही पाहिले. उस्ताद अशांना हसतात. काळे असणे हा दोष नव्हे. ते बोटांत घेतल्यावर डांबरासारखे चिकट लागले, किंवा ऑइल भरण्याच्या झाकणाखाली काळ्या गाळाचा थर दिसला, तर मात्र ते अनेक महिने बदललेले नाही असे समजावे. आजच्या जवळपास सगळ्या डिझेल गाड्यांना टर्बो असतो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल सडले, तर टर्बोचे बेअरिंग खराब होते. म्हणजे मालकाने ऑइल न बदलून वाचवलेले तीन-चार हजार पुढच्या मालकाच्या खिशातून दहापटीने जातात. गाडी चालताना त्याचा काहीच पत्ता लागत नाही, म्हणूनच तर कागद हवेत.

पट्ट्याची चौकशी वेगळी करावी लागते, कारण प्रत्येक इंजिनात पट्टा नसतो. मारुतीच्या जुन्या स्विफ्ट, डिझायर, अर्टिगामध्ये जे १.३ लिटरचे डिझेल इंजिन होते त्यात साखळी आहे. जुन्या इनोव्हाच्या २.५ लिटर इंजिनात पट्टा आहे, क्रिस्टामध्ये साखळी. डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्ये पट्टा. साखळीला बदलण्याची ठराविक तारीख नसली तरी ती अमर नाही. ऑइलकडे दुर्लक्ष झालेल्या इंजिनात ती ढिली पडते आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना खुळखुळ ऐकू येते. म्हणून गाडी पाहायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवावे की, सकाळपासून सुरू करू नका, आम्ही आल्यावरच सुरू करू. गेल्यावर बोनेटला हात लावून पाहावा. गरम लागला, तर का तापवून ठेवली ते विचारावे. पट्टा असलेल्या गाडीत मात्र "बदललाय" या शब्दावर जाऊ नये. पट्ट्याचे बिल मागावे. बिलात पट्ट्यासोबत टेन्शनरचेही नाव असेल, तर काम नीट केलेले आहे. बिल नसेल, तर पट्टा बदललेला नाही असे धरून त्याचा खर्च भावातून कापावा आणि गाडी घरी नेण्याआधी तो बदलावा.

आता फाईलकडे. सर्व्हिस बुकवरचा शिक्का आणि बिल यांत बिल मोठे. शिक्का कोणीही मारून देतो, बिलात मात्र तारीख, किलोमीटर, ऑइल किती लिटर, कोणते फिल्टर, मजुरी किती हे सगळे असते. उस्ताद ती बिले तारखेने लावतात आणि किलोमीटरचे आकडे बोटाने वाचत जातात. आम्ही पाहिलेल्या एका गाडीचे आकडे असे होते: मार्च २०१६ ला ९,८००, फेब्रुवारी २०१७ ला १९,६००, जानेवारी २०१८ ला ३०,१००. इथपर्यंत घड्याळासारखे. मग थेट नोव्हेंबर २०२०, ४८,०००. मध्ये पावणेतीन वर्षे आणि अठरा हजार किलोमीटर कोरे. उस्तादांनी फक्त विचारले, "या काळात गाडी कोणाकडे होती?" मालक गोंधळला. मुलगा पुण्याला घेऊन गेला होता, तिथे कोणत्या गॅरेजला दाखवायचा ते माहीत नाही, असे सांगून मोकळा झाला. मोकळी जागा दिसली म्हणजे लबाडीच असते असे नाही. मालक पहिली दोन-तीन वर्षे, वॉरंटी असेपर्यंत, कंपनीच्या वर्कशॉपला जातो आणि नंतर बाहेर स्वस्तात करून घेतो, हे सगळीकडेच चालते. पण मग त्या बाहेरच्या मिस्त्रीचे नाव सांगता आले पाहिजे. चांगल्या मिस्त्रीकडे वही असते, त्याला फोन करता येतो.

एका फाईलमध्ये सहा वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात आणि सगळे किलोमीटर शून्यावर संपणारे होते. आम्ही पाणी पिऊन निघालो.

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीच्या नंबरवर जुन्या सर्व्हिसची नोंद संगणकात राहते. तुम्ही परके म्हणून ती देतीलच असे नाही. मालकाला सोबत न्यावे, किंवा त्याने स्वतः छापील प्रत आणून द्यावी. हे सांगितल्यावर मालकाचा चेहरा कसा होतो तेही पाहण्यासारखे असते. मीटर फिरवले असेल, तर बहुधा इथेच पकडले जाते. संगणकातला जुना आकडा आजच्या मीटरपेक्षा मोठा निघतो. आम्ही २०२१ ला एवढे केले असते तर! आमच्या गाडीच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते, स्टीअरिंगवरचा खडबडीतपणा गेला होता. ८६ हजारांत एवढे झिजत नाही. दिसले होते, पण बघितले नव्हते.

टायरही बोलतो. त्याच्या बाजूवर लांबलचक अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. ४६१५ असेल, तर तो २०१५ च्या ४६ व्या आठवड्यात तयार झाला. पस्तीस हजार चाललेली म्हणून दाखवलेल्या गाडीला अलीकडच्या तारखेचे टायर दिसले, तर पहिले टायर एवढ्यात कसे संपले ते विचारायचे.

आणि बिले मागायची कोणाकडे? कोकणात हा प्रश्न खरा आहे. घरचा कर्ता आखातात, गाडी त्याच्या नावावर, व्यवहार करायला चुलता किंवा मेहुणा पुढे. त्यांना काहीच माहीत नसते. दोन घरांत तर आम्ही वहिनींनाच विचारले आणि त्यांनी कपाटातून पिशवी काढून दिली. विम्याचे कागद, पीयूसी, टायरची पावती, सगळे एकत्र. पीयूसीच्या जुन्या पावतीवरही तारीख असते, टायर आणि बॅटरीच्या पावतीवर कधी कधी किलोमीटर लिहिलेले असतात. असे सुटे कागदही जोडून पाहिले की गाडीचा प्रवास उभा राहतो.

अशाच एका घरची गाडी आम्ही शेवटी घेतली. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तसा माल आपल्या भागात खूप आहे. गाडी आठ वर्षांची, मीटरवर ३१,०००. मालक वर्षातून एकदा रजेवर आला की दीड महिना चालवायचा, मग ती पुन्हा पत्र्याच्या शेडमध्ये कव्हरखाली. किलोमीटर खरे होते. टायर पहिलेच होते, पेडल नव्यासारखे. सगळ्यांनी आम्हाला "सोनं मिळालं" असे सांगितले. उस्तादांनी बिले मोजली. आठ वर्षांत तीन. "गाडी चाललीच नाही, तर सर्व्हिसिंग कशाला?" असे मालकाच्या भावाचे म्हणणे.

"जे आधी होईल ते" हे शब्द इथे कामाला येतात. गाडी उभी राहिली तरी ऑइल म्हातारे होते. आपल्या पावसाळ्यात चार महिने हवा ओली, टाकीत ओल जमते, पाणी डिझेल फिल्टरच्या तळाशी उतरते. डिझेलचा पंप आणि इंजेक्टर इतके बारीक कातलेले असतात की त्यांना पाण्याचे चार थेंबही गंजवतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते, मग गाडी दहा किलोमीटर चालो की दहा हजार. टायरची नक्षी पूर्ण, पण रबर कडक आणि बारीक भेगा. बॅटरी मेलेली. उंदरांनी वायरिंगचा एक झुबका कुरतडला होता. पट्टा असता, तर तोही आठ वर्षांचा झाला असता, कारण रबर वर्षांनीही संपते. सुदैवाने या इंजिनात साखळी होती.

उस्तादांनी तिथेच बसून वहीत लिहिले: चार टायर, बॅटरी, सगळे फिल्टर, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, डिझेलची टाकी उतरवून साफ करणे, वायरिंग. बेरीज ५५,००० च्या आसपास गेली. ती वही आम्ही मालकाला व्हिडिओ कॉलवर दाखवली. त्याने घासाघीस केली नाही, पन्नास कमी केले. "मला हे माहीतच नव्हतं," असे म्हणाला, आणि आमचा विश्वास बसला.

चिपळूण, महाड, खेडच्या गाड्या पाहताना एक तारीख डोक्यात ठेवावी लागते, २२ जुलै २०२१. त्या पुरात किती गाड्या बुडाल्या हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांतल्या काही धुऊन, वाळवून लांबच्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या, काही इथेच आहेत. सांगली-कोल्हापूरच्या वाचकांसाठी ऑगस्ट २०१९ तसाच. बिलांमध्ये त्या महिन्यानंतर लगेच सेल्फ, अल्टरनेटर, सीटचे कापड, कंट्रोल युनिट असे काही बदललेले दिसले, तर ओळखावे. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकावर चिखलाची रेघ आहे का, सीटखालच्या पट्ट्या गंजल्या आहेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. बुडालेली गाडी सहा महिने चांगली चालते आणि मग वायरिंगची एकेक गाठ सुटत जाते.

एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ डिझेल गाड्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी तिला मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावे लागते. दवाखाना ते घर, तीन किलोमीटर, अशीच पाच वर्षे चाललेली डॉक्टरसाहेबांची गाडी कितीही चकचकीत असली तरी तिची जाळी तुंबलेली असू शकते, आणि ती बदलण्याचा खर्च मोठा असतो. अशा गाडीत जाळी जाळण्यासाठी जादा सोडलेले डिझेल कधी कधी ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्याही वर दिसते. ऑइल जास्त आहे म्हणून खूश होऊ नये. खरे म्हणजे वर्षाला दहा हजारही चालवणार नसाल, तर डिझेलच्या वाटेला जाऊच नका, पेट्रोल बरे. आमचे आठवड्याला दोन घाट ठरलेले, म्हणून आमचा हिशेब वेगळा.

कागदोपत्री व्यवहाराचे थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, शिवाय इथला कर वेगळा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशापासून बंधने आली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. भाव ऐकून हुरळण्याआधी हा खर्च आणि तिकडची सर्व्हिस नोंद दोन्ही पाहावे. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा. विकणाऱ्यानेही आरसीवरचे नाव बदलेपर्यंत स्वस्थ बसू नये. नावावर गाडी असेल, तर अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

राहिली आमची पहिली गाडी. दुरुस्तीनंतर ती चांगली चालली, पण भाईजानची आल्यावर दोन गाड्या ठेवणे परवडेना. २०२४ मध्ये ती विकायला काढली. मीटरवर तेव्हा १,१८,००० च्या आसपास होते. मामू म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? मीटर आहे ते आहे, तुम्ही तर फिरवलं नाही ना?" त्यांचे बोलणे व्यवहाराचे होते आणि आम्हालाही, खोटे कशाला बोला, दोन दिवस ते पटत होते. ७८ हजार गेलेच होते, त्यातले काही निघाले असते. अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी कपाटातून तो तेलकट स्टिकर काढला, जो आम्ही कधीच फेकून दिला असे समजत होतो, आणि फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवला.

गाडी दापोलीकडच्या एका भाजीवाल्या भाऊंनी घेतली. स्टिकर पाहून त्यांनी बराच वेळ हिशेब केला, १,१४,२०० आणि त्यानंतरचे. आम्ही पट्ट्याचे बिल दाखवले, हेडचे दाखवले, ऑइलची पाच बिले दाखवली. बाजारभावापेक्षा चाळीस हजार कमी मिळाले. त्यांनी फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पाऊस होता म्हणून, आणि सीटखाली ठेवली. त्यानंतर त्यांचे दोनदा फोन आले. एकदा डिझेल फिल्टर कोणत्या कंपनीचा टाकला होता ते विचारायला, आणि एकदा अब्बांची तब्येत विचारायला.